बिनब्लेडची दाढी

"वीस दिवस?" ब्रश धरलेला मामाचा हात गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. "वीस दिवस मी दाढी करायची नाही?"

"कमीत कमी वीस," भाची म्हणाली. ती सलूनच्या बाकावर मांडीवर फॉर्म घेऊन बसली होती.

"अगं, या तोंडाकडे बघून लोक आत येतात. मी खुंट वाढवून उभा राहिलो तर समोरचा सलूनवाला रस्त्यात नाचेल."

मामा खोटं बोलत नव्हता. तीस वर्षांत त्याने तापातसुद्धा स्वतःची दाढी चुकवलेली नव्हती. पण भाचीचाही नाइलाज होता. मीडियाच्या शेवटच्या वर्षाची दहा मिनिटांची फिल्म, आणि तिच्या कथेचा फॉर्म दुपारी बारापर्यंत सरांच्या टेबलावर पोचायला हवा होता. तो आधी दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा सरांनी एकच ओळ लिहिली होती: माणूस खरा वाटत नाही. तिसऱ्यांदा परत आला की स्वतःची फिल्म विसरायची आणि वर्गातल्या कुणाच्या तरी फिल्मवर दिवे धरून उभं राहायचं.

"बरं, कारण तरी सांगा, दिग्दर्शकबाई. का वाढवायची?"

"फिल्ममध्ये तुझी नोकरी गेलीये. तू दिवसभर घरात बसून असतोस. खिडकीतून बाहेर बघतोस. दाढी वाढलीये. बघणाऱ्याला लगेच कळायला नको?"

मामा हसायला लागला. "नोकरी गेली म्हणून दाढी वाढवतो होय माणूस? हे कुणी शिकवलं तुला?"

"सगळ्या फिल्ममध्ये असंच असतं."

"मग सगळे फिल्मवाले घरीच दाढी करत असतील. अगं, नोकरी गेलेला माणूस सगळ्यांच्या आधी येतो. मी शटर वर करतो तेव्हा हा दारात हजर. कडक इस्त्री, हातात डबा. आधी आठवड्यातून दोनदा यायचा, तो आता रोज."

"रोज? कशाला?"

एरवी मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण आता तो भरपूर फेस असलेल्या गालावर पुन्हा ब्रश फिरवायला लागला.

"घरातून निघाल्यावर कुठंतरी जावं लागतं," खुर्चीतून आवाज आला.

भाचीने आरशात पाहिलं. फेसाच्या वर दोन शांत डोळे होते. मांडीवर ऑफिसची बॅग. हा माणूस इतका वेळ तिथे होता हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाकावर बसलं की चार जण विचारतात, आज सुट्टी का?" तो म्हणाला. "खुर्चीत बसलेल्याला कुणी काही विचारत नाही. इथं अर्धा तास जायचा. मग लायब्ररी, पाच वाजेपर्यंत. चार महिने."

"आणि रोज दाढी?"

"रोज कशी करणार? पंधरा दिवसांत गाल सोलून निघाले. मग तुझ्या मामाने वार लावून दिले. एक दिवस ब्लेड, एक दिवस बिनब्लेड."

"बिनब्लेड म्हणजे?"

"फेस करायचा, रिकामा वस्तरा फिरवायचा, पाणी मारायचं, तुरटी लावायची. सगळं शिस्तीत. शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही कधी कळलं नाही."

मामा टॉवेलची घडी घालत होता. घडी आधीच घातलेली होती.

"आणि मग?" भाचीने विचारलं. पेन तिच्या हातात कधी आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग लागली नोकरी. पण घरी काय सांगणार? गेली हेच सांगितलं नव्हतं. रोजच्यासारखा डबा घेतला आणि निघालो. इथं येऊन याला सांगितलं."

"मामा, तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?" मामा म्हणाला. "बिनब्लेडचा दिवस होता. तरी नवं ब्लेड घातलं."

भाचीने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला सुरुवात केली. खिडकी गेली, वीस दिवस गेले. खुर्ची आली, डबा आला, रिकामा वस्तरा आला. लिहिता लिहिता ती एकटीच हसत होती. पान भरल्यावर मात्र ती थबकली.

"काका, मी हे घेतलं तर चालेल?"

मामाने दाढी पूर्ण केली. माणसाने गालावरून हात फिरवला, हनुवटी वर करून दोन्ही बाजू पाहिल्या.

"मला कॅमेऱ्यापुढं उभं करू नकोस," तो म्हणाला. "नावही नको."

"नाही."

"आणि मी?" मामाने घाईघाईने विचारलं.

"तू न्हावी. वाढवायचं काहीच नाही."

मामाने ताबडतोब आरशात स्वतःचा भांग नीट केला. बोलणी तिथेच संपली.

माणूस बॅग उचलून दारापर्यंत गेला आणि वळला.

"कॉलेजात फिल्म दाखवतात तेव्हा बाहेरच्यांना येऊ देतात का?"

"देतात की. या तुम्ही."

"मग दोन जागा ठेव," तो म्हणाला. "घरी अजून सांगायचं राहिलंय."