दुपारचा पहारा

"खाली ठेवू नको, एवढंच," जीवराम आबा म्हणाले आणि त्यांनी वीणा भुराच्या गळ्यात घातली.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सामसूम होती. सप्ताहाचा पाचवा दिवस. सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नसते. एकानं उतरवली की दुसऱ्यानं घ्यायची. दोनच्या पहाऱ्याचा माणूस आलाच नव्हता, आणि शुगरमुळे आबांच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मंडपात दुसरं होतं कोण? कमानीला केळीचे खांब बांधणारा हा पावरा आदिवासी मजूर तेवढा.

"मी, आबा?" भुरानं ओले हात सदऱ्याला पुसले. "माले तं काहीच येत नही."

"रामकृष्णहरी येतं ना? मग झालं. दोन घास खाऊन आलोच."

वीणा घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणाराही घेणाऱ्याच्या पडतो. भुरा वाकला. आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि घाईनं चपला शोधल्या.

ते परतले तेव्हा तीन वाजून गेले होते. भुरा जागचा हलला नव्हता. डोळे मिटलेले, बोट तारेवर चुकत होतं, नाव मात्र चुकत नव्हतं. आबांना आतून बरं वाटलं. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

संध्याकाळी कीर्तनाला मंडप भरला. बुवांनी फेटा सारखा केला, टाळकरी उभे राहिले, आणि तेवढ्यात झुलाल पाटील हवालदाराला घेऊन आत आले. त्यांच्या विहिरीवरची मोटार दोनपर्यंत चालू होती. तीनला गडी गेला तर केबल कापून नेलेली.

हवालदारानं मंडपभर नजरसुद्धा फिरवली नाही. चपलांपाशी बसलेल्या भुरापुढं तो सरळ जाऊन उभा राहिला.

"दोन ते तीन कुठं होतास रे?"

"आठेच व्हतू, साहेब, मंडपमा. वीणा मना गळामा व्हती."

मंडप हसला.

"वीणा? अन् तुना गळामा?" झुलाल म्हणाले. "आते म्हनशी का कीर्तनबी मीच करं!"

"सकाळी दाखल्यासाठी आला होतास ना तू?" हवालदारानं विचारलं.

भुरानं मान हलवली. अर्जाची घडी अजून त्याच्या खिशात होती. जळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये राखणदाराची नोकरी, दरमहा पगार. सोमवारी हजर व्हायचं होतं. फक्त नावावर काही गुन्हा नाही, असा पोलिसांचा कागद हवा होता.

"चल. आता तिथंच बोलू."

बायकांच्या कडेला भुराची बायको, धनीबाई, उठून उभी राहिली. दुपारी घरी येऊन नवऱ्यानं तिला हरखून सगळं सांगितलं होतं.

"आबा, तुम्हीच दिन्ही व्हती ना त्याले वीणा? सांगा ना."

सगळ्या माना आबांकडं वळल्या. वीणा त्यांच्याच गळ्यात होती. बारा वर्षं तो मान त्यांच्या घरात होता. पावऱ्याच्या हाती वीणा दिली, सप्ताह बाटवला, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागणार?

आबांनी मान खाली घातली आणि त्यांची नजर वीणेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडली. दुपारी तिथं काहीच नव्हतं. केळीचा ओला चीक पाण्यासारखा असतो. वाळला की काळा पडतो, आणि मग कापड विरलं तरी डाग जात नाही. पट्ट्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. घट्ट धरल्यासारखा.

"आबा?" हवालदार म्हणाला.

"दुपारचा पहारा... माझाच होता."

भुरानं त्यांच्याकडं पाहिलं. हवालदारानं दंड धरलेला असतानाच तो वीणेपुढं वाकला, दुपारी वाकला होता तसाच, आणि बाहेर गेला. धनीबाई त्याच्यामागं अनवाणीच धावली.

बुवांनी खूण केली. टाळ वाजले. आबांनी पट्टा हळूच उलटा केला. चार बोटं आणि एक अंगठा आता त्यांच्या छातीवर होता.