माजघरातला फोन

फोन ठेवायचा कुठं, यावरून कलीम आणि शेषेरावांचं काही केल्या जमेना. कलीम टेलिफोन खात्याचा माणूस, जळकोटहून जीपमधून आला होता. अंगणात लोखंडी खांब उभा करून, त्यावर अँटेना चढवून झाली होती. सोलरची पाटी लिंबाची सावली चुकवून बसवली होती. राहिला होता तो फक्त फोन.

शेषेरावांचं म्हणणं, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. कलीम म्हणाला, पत्रा तापला की बॅटरी उन्हाळाभरसुद्धा टिकायची नाही. एकही गाव फोनशिवाय ठेवायचं नाही असं दिल्लीच्या सरकारनं धोरण केलं, म्हणून तर या आडवळणाच्या गावात तारेवाचून चालणारा फोन आला. तो चालायचा तर त्याला पक्की, कोरडी खोली पाहिजे.

"एवढं दगडी घर उभं हाय काका, अन् तुमी मला पत्र्यात कामून नेऊन राहिले?"

शेडमध्ये चुलीपुढे बसलेल्या केवळाबाईंकडे, आपल्या बायकोकडे, शेषेरावांनी एकदा पाहिलं.

भूकंपात हे गाव वाचलं होतं. भिंतींना चिरा पडल्या, तेवढंच. पण केवळाबाईंची धाकटी बहीण किल्लारीच्या बाजूला दिलेली होती, आणि तिला दगडमातीखालून काढलं तेव्हा केवळाबाई तिथं उभ्या होत्या. परत आल्या त्याच दिवशी त्यांनी चूल अंगणात मांडली. पुढं शेषेरावांनी पत्रे आणून शेड घातलं. बाकीचं गाव एकेक करून घरात गेलं, केवळाबाई गेल्या नाहीत. ज्वारी काढायची झाली तरी त्या उंबऱ्याबाहेर थांबत आणि शेषेराव आतून टोपलं भरून आणून देत. त्यांनी बायकोला कधी आग्रह केला नाही. त्यांचंही अंथरूण शेडमध्येच असायचं.

शेवटी फोन माजघरातच बसला.

गावाचा हा फोन शेषेरावांनी आपल्या घरी घेतला होता तो लेकीसाठी, वर्षाराणीसाठी. ती लातूरला खोली करून राहत होती. कॉलेज, शिकवण्या, बारावी, मग मेडिकल, असं सगळं ठरलेलं होतं. रविवारी ती बूथवरून फोन करायची. शेषेराव आत रिसीव्हर कानाला लावून उभे राहायचे, आणि केवळाबाई अंगणातून विचारायच्या.

"जेवती का म्हणावं टायमाला."

"जेवती म्हणती."

अंगणात आपापल्या फोनची वाट बघत बसलेली माणसंही ते ऐकायची. वर्षाराणीला कोणत्या चाचणीत किती मार्क पडले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. हळूहळू केवळाबाईंचं विचारणं कमी होत गेलं. आईनं लेकीला जे विचारायचं असतं ते बापाच्या तोंडून, अंगणभर ओरडून विचारता येत नाही, हे शेषेरावांना कळत होतं. एकदा त्यांनी रिसीव्हर दारापर्यंत ओढून पाहिला. वायर पुरली नाही.

थंडीचे दिवस होते. हरभऱ्याला पाणी देऊन शेषेराव दिवस मावळताना घरी निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी शेजारची भामाबाई त्यांचीच वाट बघत उभी. तिनं सांगितलं, फोन सारखा वाजत होता, घरात कोणी नाही म्हणून तिनंच जाऊन उचलला. वर्षा होती. काही सांगेना, नुसती रडत होती आणि माय कुठं आहे म्हणून विचारत होती.

"मी तिच्या मायला म्हणलं, भाऊजी येईपर्यंत थांब," भामाबाई म्हणाली, "पण तिनं ऐकलंच न्हाई." आणि तिनं हनुवटीनं घराकडे दाखवलं.

शेषेराव झपाझप चालत आले. शेडमध्ये कोणी नव्हतं. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

माजघराच्या दारात ते थबकले. फोनखाली, भिंतीला पाठ लावून, रिसीव्हर कानाशी धरून केवळाबाई जमिनीवर बसल्या होत्या. एक तळवा जमिनीवर दाबून धरलेला. एवढ्या थंडीत पदर घामानं ओला.

पोरीचे शब्द केवळाबाई मधूनमधून परत म्हणत होत्या, त्यातून शेषेरावांना उमगत गेलं. चाचणीत वर्षाला काहीच लिहिता आलं नव्हतं. खोलीतल्या सगळ्या पोरी पुढं गेल्या, मी मागं राहिले, मला घेऊन जा म्हणत होती. केवळाबाईंनी तिला अभ्यास कर म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. नंतर त्या नुसतं हं, हं करत राहिल्या. मग पोरीनं काहीतरी विचारलं असावं.

"घरात हाय मी," केवळाबाई म्हणाल्या. "हाव, मधीच. भिताडाला टेकून बसले." मग त्या म्हणाल्या, "भ्या वाटायलंय की. हातपाय गार पडलेत. पण तू रडायलीस, मग काय करू?"

केवळाबाई कान लावून बसल्या होत्या. मग त्यांचा चेहरा सैल झाला. म्हैस व्यायल्याचं त्यांनी सांगितलं. केसांना तेल लावतेस का विचारलं, आणि आवाज खाली आणून आणखीही काही विचारलं, ते शेषेरावांना ऐकू आलं नाही.

"उद्या वर्गात जाऊन बस," शेवटी त्या म्हणाल्या. "न्हाईच जमलं तर ये मग. घर कुठं पळून जातंय?"

फोन ठेवला, आता ही तडक बाहेर येणार म्हणून शेषेराव दारातून बाजूला झाले. केवळाबाई उठल्या नाहीत. मान वर करून त्या माळवदाकडे बघत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक तुळई. एखादी नवी चीर दिसली की काय म्हणून शेषेरावही वर बघू लागले.

"आवं," केवळाबाई म्हणाल्या, "किती कोळिष्टकं झालीत वर. केरसुणी द्या इकडं."