पिवळे दिवे

सलालाच्या डोंगरात दाट धुकं, पलीकडच्या गावात मुलीचा बाप वाट बघतोय, आणि मागणी घालायला निघालेल्या मुसल्लमच्या गाडीला उंटांनी वेढा घातलेला. एक तर आरसा चाटत होता. मुसल्लमने दात-ओठ खात चुलतभावाला फोन लावला.

"बखीत, गाढवा! तुझ्या चाऱ्याच्या गाडीला आहेत तसलेच पिवळे दिवे माझ्या गाडीला लावलेस! डोंगरातले सगळे उंट जेवायला आलेत!"

"बरं."

"बरं काय? बंद करायचं बटण कुठाय?"

"नाहीये. वायर थेट चावीवर जोडलीय. गाडी चालू, की दिवे चालू."

"असं कोण जोडतं?"

"बटण दिलं असतं, तर तू बंद केले असतेस. आता ओरडू नकोस, बिचकतील. त्यात माझी पांढरी सांडणी आहे का बघ. आठवडाभर सापडत नाहीये."