हात डावीकडे जातो

पार्सल आलं तेव्हा दुकानाची किल्ली देऊन मिस्त्रीला जेमतेम अर्धा दिवस झाला होता. सोफे बांधायचं दुकान. सगळी उमर त्यात गेली, आणि आज सकाळी शेजारच्या शिंप्याच्या हातावर किल्ली टेकवून तो मागे वळून न बघता घरी आला होता. शिंप्यानं तर दुपारपर्यंत आपली मशिनं आत लावलीसुद्धा.

"उघडा तरी," बायको म्हणाली. "आधीचेच डब्यात मावत नाहीत. आता ह्याला कुठे झोपवायचं, उशाशी?"

आत एक घडीचा चाकू होता. जुना, शिंगाच्या मुठीचा. परगावच्या एका शौकिनाशी अदलाबदल ठरून कितीतरी महिने उलटले होते. स्वारी उगवली ती आज.

मिस्त्रीला हे एकच वेड. पत्त्यांचं नाही, बाटलीचं नाही, खिशातल्या चाकूंचं. आणि तेही कपाटात मांडून ठेवायला नाही हं. रोज एकाची पाळी. तो खिशात घालायचा आणि दिवसभर त्याच्यावरच भागवायचं. रेक्झिन कापा, दोरा तोडा, पेन्सिलीला टोक काढा, सफरचंद सोला. गल्लीतले लोक त्याला लाडानं खिसेकापू म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

पण गेल्या वर्षापासून हात बिघडला. खडूची रेघ सरळ असायची आणि काप डावीकडे जायचा. थोडासाच. पण सोफ्याच्या पाठीचा विचका व्हायला तेवढा पुरतो. शिवण तिरकी, गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं. आधी त्यानं चाकूवर संशय घेतला. दुसरा काढला, तिसरा काढला, अख्खा डबा पालथा घातला. प्रत्येक चाकू डावीकडेच गेला. आता एक चाकू खोटा असेल, दोन असतील. सगळेच्या सगळे कसे खोटे असतील? म्हणजे हातच गेला, दुसरं काय!

हे त्यानं बायकोच्याही आधी धारवाल्याला सांगितलं होतं. असा दोस्त नशिबानं मिळतो. मिस्त्रीचे सगळे चाकू धारेला त्याच्याच चाकावर जायचे. दुसऱ्या कुणाला मिस्त्रीनं कधी हात लावू दिला नव्हता. धारवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, त्याचं मनगट मांडीवर घेऊन तेल चोळलं आणि म्हणाला, "वय झालं गड्या. हात ओढणारच. लोकांनी नावं ठेवायच्या आत मानानं बंद कर." मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोंडावर खरं बोलणारा हा एकच माणूस, असं वाटलं त्याला. त्यानं ऐकलं.

आता केवळ सवयीनं त्यानं रेक्झिनचा एक उरलेला तुकडा फरशीवर पसरला, खडूनं रेघ मारली आणि आलेला चाकू चालवला.

काप रेघेवर पडला.

असेल योगायोग. त्यानं पुन्हा रेघ मारली. पुन्हा सरळ. मग डब्यातला लाडका चाकू घेतला. डावीकडे. परत शिंगाच्या मुठीचा. सरळ. दोन्ही पाती त्यानं दिव्याखाली धरली. पार्सलातल्या पात्याचा धारेकडचा उतार दोन्ही अंगांनी सारखा होता. लाडक्या चाकूचा एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला नावापुरता. डबा उपडा केला. सगळे तसेच. पातं चाकावर तिरकं लागलं की असं होतं, आणि असं पातं कुणाच्याही हातात एकीकडेच पळतं.

"म्हणजे तुमच्या हाताला काहीच झालेलं नाही?" बायको म्हणाली. "आणि आपण दुकान..."

पण मिस्त्रीला राग काही आला नाही. धारवाल्याला बिचाऱ्याला पत्ताच नसणार. नजर अधू झाली असेल. आपल्यामुळे दोस्ताचं दुकान गेलं हे कळलं, तर तो जेवायचासुद्धा नाही. त्याच्या मनाला न लागता हे सांगायचं कसं, ह्याची जुळवाजुळव करतच मिस्त्री बाजारात पोचला.

धारवाला आपल्या चाकाशी बसला होता. मिस्त्री शेजारी टेकला. दोन चहा सांगितले. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"रागावू नकोस हां," मिस्त्री म्हणाला, "पण एकदा डोळे दाखवून घे. धार एकीकडे पडतेय. घरच्याच माणसाच्या चाकूंवर निभावलं म्हणून बरं. एकटा जाऊ नकोस, मी येतो बरोबर."

धारवाल्यानं कप बाजूला ठेवला. चहावर साय धरली. लागलं वाटतं बिचाऱ्याला, म्हणून मिस्त्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला," धारवाला शेवटी म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, नजर परत येणार नाही. भाजी चिरणाऱ्यांना फरक कळत नाही. रेघेवर कापणारा माझ्याकडे तू एकटाच होतास."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" मिस्त्रीचा आवाज फाटला. "अरे, मग मला दुकान बंद कर का म्हणालास?"

धारवाल्यानं मान वर केली नाही.

"चालू राहिलं असतं, तर कधीतरी तुला कळलंच असतं ना."