एकास दोन

चिमीने पुन्हा दहाच लिहिले, तेव्हा बाईंनी खडू खाली ठेवला.

फळ्यावरचं गणित साधं होतं: धाकटी बहीण पाच वर्षांची असताना थोरली दहाची, तर धाकटी दहाची झाल्यावर थोरली केवढी? चुकीच्या उत्तरांची कुळं बाईंना तोंडपाठ होती. वीस लिहिणारा गुणोत्तर धरून बसलेला असतो, पाच लिहिणारा बेरजेऐवजी वजाबाकी करून मोकळा झालेला, आणि शंभर लिहिणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर असतं. पण हे दहा कुठून उगवलं, ते काही केल्या कळेना.

शाळा सुटून गेली होती. सहामाहीत चिमी वयाच्या गणिताशी अडली आणि पुढचा सगळा पेपर कोरा ठेवून उठली. वार्षिक परीक्षेतही तसंच झालं, तर वर्ष वाया जाणार होतं. पोरगी यंदाच या शाळेत आलेली, पण एरवी सरबतातली साखर, रंगातलं पाणी यांची गुणोत्तरं चुटकीसरशी सोडवायची. म्हणूनच बाईंना जास्त चीड येत होती.

शेवटी त्यांनी पुस्तकातल्या बहिणी बाजूला ठेवल्या आणि गणित घरचं केलं. चिमीला थोरली बहीण आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. स्वेटर ताईचा, कंपास ताईची, पट्टीवर कोरलेलं नावही ताईचं.

“तू पाच वर्षांची होतीस, तेव्हा ताई केवढी होती?”

“दहा.”

“म्हणजे तेव्हा गुणोत्तर एकास दोन. आता तू दहाची. ताई केवढी?”

“दहा.”

“अगं, तू वाढलीस, आणि ताई काय तिथेच बसून राहिली?”

चिमी स्वेटरच्या बाह्या ओढत राहिली. सहामाहीला त्या बोटांवर लोंबायच्या. आता मनगटावर नेमक्या बसत होत्या.

तेवढ्यात आई न्यायला आली. बाईंनी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. मुलगी हुशार आहे, पण हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नाही. घरी थोरलीलाच जरा हिच्या शेजारी बसवा, आपल्या माणसाचं लवकर कळतं, असंही त्यांनी सुचवलं.

आईने वही हातात घेतली. बराच वेळ ती त्या दहाकडे पाहत होती. मग तिने चिमीला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं.

“उत्तर बरोबर आहे, बाई,” ती म्हणाली. “ताई दहाचीच आहे. पुढच्या महिन्यात चिमीला अकरा पूर्ण होतील, आणि ती ताईपेक्षा मोठी होईल.”