धुतलेले हात

ख्रिस्ती मंडळीच्या वाचकाने पत्राची गुंडाळी उलगडली, तरी रंगाऱ्याने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"बसू द्या त्यांना तसंच," बायको म्हणाली. "कान इकडेच आहेत."

तीन महिने तो असाच तिवईवर बसून होता. तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. एके काळी कापड रंगवून कोपरापर्यंत निळे असायचे ते हात. आता नखांच्या कडासुद्धा पांढऱ्या पडल्या होत्या. कोणा परक्याचे हात घरात आणून ठेवल्यासारखे दिसायचे, आणि तिला त्यांची भीती वाटायची.

बाप्तिस्मा त्याने जन्मभर पुढे ढकलला होता. तिने लग्नाआधीच घेतला होता, हा मात्र विषय निघाला की हसण्यावारी न्यायचा. पापं धुऊन निघतात ती एकदाच, मग घाई कशाला? कापड मळायचं थांबलं की धुवावं. मंडळीतले निम्मे पुरुष हाच शहाणपणा करून बसले होते. मग ताप आला, वैद्याने हात टेकले. म्हातारे पाळक धावत आले. परात तिनेच धरली. त्यांनी तीन वेळा पाणी ओतलं, म्हणायचं ते म्हटलं, आणि पाचव्या दिवशी रंगारी खडखडीत बरा झाला. त्याच तापाने पाळक मात्र गेले.

मरायला टेकलेला नवरा उठून बसला की बायकोने देवाचे आभार मानावेत. तिनेही मानले. पण हा उठला तो धास्ती घेऊनच. आता पाप घडलं तर धुवायला पाणी उरलं नव्हतं. बोललं तर खोटं निघेल, म्हणून बोलणं बंद. गिऱ्हाइकाशी वाद होईल, म्हणून रंगाच्या पिंपाकडे फिरकणं बंद. दोन घास जास्त गेले तर तोही लोभच, म्हणून अर्ध्या पोटी उठायचा. तिच्याकडे तर नजर उचलून बघत नव्हता. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. हा निष्पाप मरणार यात शंका नव्हती, पण फार दिवस काढणार नव्हता.

म्हणून तिनेच वाचकाकरवी मोठ्या शहरातल्या बिशपांना विचारून घेतलं होतं.

वाचक घसा खाकरून वाचू लागला. "बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या पापालाही क्षमा आहे. मात्र एकदाच. ज्याला ती हवी त्याने सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकावेत आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने सांगावं. त्यानंतर दुसरी क्षमा नाही."

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "आहे अजून एकदा. उठा आता."

"एकदा," रंगारी भिंतीला म्हणाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज निघाला होता. "आणि दुसऱ्या दिवशी काय करू?"

वाचकाने पत्राचा शेवट पुन्हा पाहिला. तो पत्र गुंडाळू लागला.

ती नवऱ्याच्या मनगटाकडे बघत राहिली. कातडीखाली शीर उडताना दिसत होती.

"त्याची गरजच नाही," ती म्हणाली. "तुमचा बाप्तिस्मा झालेलाच नाही."

तो वळला.

"पाळकबाबा आले तेव्हा तुम्ही शुद्धीत नव्हता. याच्या तोंडून होकार आल्याशिवाय पाणी ओतणार नाही म्हणाले. बराच वेळ बसले आणि गेले. ताप उतरावा म्हणून मीच तुमच्या डोक्यावर हौदातलं पाणी ओतत होते. तेच आठवतंय तुम्हाला."

तिचा आवाज जराही हलला नाही. कोपऱ्यातल्या परातीकडे मात्र तिने बघायचं टाळलं. म्हातारे पाळक तिथेच वाकून उभे आहेत, असं तिला वाटत होतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"इतके सुधारला होतात. म्हटलं, राहू द्यावं थोडे दिवस."

वाचकाला हसू आवरलं नाही. रंगारी तिच्याकडे बघत राहिला, अगदी डोळ्यांत.

"तू खोटं बोलायची नाहीस," तो शेवटी म्हणाला. "जन्मात कधी बोलली नाहीस."

तो उठला. पहिल्या दोन पावलांना भिंत धरावी लागली, मग नाही. परसातून पिंपाचं झाकण सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्याचा. "अगं, नीळ आहे का चिखल? पार वाट लावलीस की पिंपाची."

किती दिवसांनी कुणी तिला रागावलं होतं. तिचे डोळे भरून आले.

वाचक दारात थांबला. "ताई, पत्र ठेवून जाऊ का? कुणाला लागेल कधी."

"न्या तुम्ही," ती म्हणाली.

सगळ्या मंडळीसमोर, मोठ्याने. ती गुडघे टेकेल त्या दिवशी हाही तिथेच उभा असेल. तिने तोंड उघडलं की हा पुन्हा येऊन तिवईवर बसणार. ती एकदाच मिळणारी क्षमा तिला कधीच मागता येणार नव्हती. आणि याचा शेवट खरोखर जवळ आला की पुन्हा परात धरून उभं राहावं लागणार होतं, पहिल्यांदाच धरत असल्यासारखं.

रंगारी ओल्या हातांनी आत आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिचं मनगट धरलं. "भूक लागलीय. वाढ पोटभर."

त्याने हात काढला तेव्हा मनगटावर त्याची पाच बोटं उमटली होती, हिरवट, ओली. ती पाहत असतानाच त्यांना वारा लागला आणि एकेक बोट निळं होत गेलं.

"धुवायला जाऊ नकोस," रंगारी कौतुकाने म्हणाला. "पाण्याने काही व्हायचं नाही त्याला."