चाकांचं पॉलिश
"अहो, हे काय करून ठेवलंत?" माझ्या व्हीलचेअरचे टायर काळेभोर चमकत होते. गाडी विकली, पण टायरला पॉलिश चोपडायचं यांचं खूळ काही गेलं नाही. जन्मभर मी कानीकपाळी ओरडले, रस्त्यावर घासायची वस्तू कशाला नटवता? आता चाकं ढकलून हात काळेकुट्ट. दारातल्या उतारापुढे मी जात नाही. तिथे ब्रेक लावला, तर तो टायरवरून सटकला आणि खुर्ची सुटली. यांनी धावत येऊन धरली म्हणून वाचले. "जीव घ्यायचाय का माझा?" मी कडाडले. हे धापा टाकत खाली बसले. "लोक पायांकडे बघतात म्हणून तू बाहेर पडत नाहीस. म्हटलं, निदान आता चाकांकडे बघतील." काळे हात मी यांच्याच शर्टाला पुसले. "ब्रेक टेकतो तेवढा भाग पुसा. बाजूची चमक राहू द्या. आणि चला, उजेड आहे तोवर."